तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राजवळची जुनी रूम की मागची नवी?

लग्नकार्यात, भिशीत, नाशिकच्या गंगापूर रोडला भाजी घेताना, कुठेही कोणी तरी थांबवून विचारतं, "ताई, तुमचं गोव्याला टाइमशेअर आहे ना? आम्हीही घेतोय. जुन्या युनिटमध्ये घेऊ की नव्या विंगमध्ये?" आमचा वीक, म्हणजे रिसॉर्टमध्ये दरवर्षी एक आठवडा राहायचा हक्क, 2004 सालापासूनचा आहे. दक्षिण गोव्यात, बाणावलीच्या पुढे. करार 25 वर्षांचा, वर्षाला सात रात्री. मधल्या काळात रिसॉर्टवाल्यांनी रस्त्यापलीकडे नवी इमारत बांधली आणि जुन्या सभासदांना "फरक भरा, नव्या विंगमध्ये या" असे फोन सुरू झाले. आम्ही दोन्हीकडे राहिलोय, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

उत्तर आधी सांगते. दिवाळी ते होळी या दिवसांत जाणार असाल तर जुनी घ्या, पण तळमजल्याची आणि नीट दुरुस्त झालेली. पावसाळ्यात जाणार असाल तर नवी. आणि दोन्हीकडे आधी दुरुस्तीचा हिशोब मागा, रूम नंतर बघा.

जुनी युनिट्स समुद्राला एवढी लागून कशी, याचं पुष्कळांना नवल वाटतं. 19 फेब्रुवारी 1991 ला केंद्र सरकारची किनाऱ्याच्या बांधकामांबद्दलची अधिसूचना निघाली, तीच ती सीआरझेड. भरतीच्या रेषेपासून 500 मीटरचा पट्टा तिच्यात आला. विरळ वस्तीच्या किनाऱ्यांवर पहिल्या 200 मीटरमध्ये नवं बांधकाम बंद झालं. त्यापुढे 500 मीटरपर्यंत रिसॉर्ट बांधायचं तर तळमजला आणि वर एकच मजला, उंची 9 मीटरच्या आत. आमच्याकडची जुनी युनिट्स त्याच्या आधीची आहेत. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा. व्हरांड्यातून उतरलं की माडांची एक रांग, मग वाळूच्या उंचवट्यावर पसरलेली मर्यादवेल, आणि पाणी. नवी विंग चार मजली आणि लिफ्टची, म्हणून ती बरीच मागे. तिच्या माहितीपत्रकात खोलीचा फोटो नव्या विंगचा आणि समुद्राचा फोटो जुन्या व्हरांड्यातून काढलेला आहे. दाखवायला आलेल्या मुलाला मी तेवढं विचारलं होतं, तेव्हा त्याने पान उलटलं. जुन्या युनिटची जागा आता नव्याने बांधून कोणालाच मिळणार नाही. तिची खरी किंमत त्या जागेची आहे.

पण खाऱ्या वाऱ्याशी रोजची गाठ असते ती इमारतीची. ह्यांचं अंबडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. सगळं आयुष्य गेट, ग्रिल आणि रेलिंग करण्यात गेलं. नाशिकच्या कोरड्या हवेत रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइल पेंटचे दोन हात दिले की ग्रिलकडे कितीतरी वर्षं बघावं लागत नाही. गोव्यात तेच ग्रिल दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतं. पहिल्या वर्षी रूममध्ये शिरल्यावर ह्यांनी बॅगा खाली ठेवल्या आणि सरळ बाल्कनीत जाऊन रेलिंगच्या बुडाशी उकिडवे बसले. पाइप लादीत शिरतो तिथे अंगठ्याने दाबलं. वर पांढरा रंग गुळगुळीत, चकचकीत. आत काहीच नव्हतं. अंगठा आत गेला आणि तांबडा भुगा लादीवर सांडला. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला रेलिंगला टेकायचं नाही हे त्या दिवशी जे सांगितलं, ते मी अजून सांगते आणि तो आता इंजिनिअर आहे.

तेव्हापासून मला या गोष्टी बघायची सवय लागली. स्टेनलेस स्टील म्हटलं की लोक निर्धास्त होतात, पण त्यातही जाती आहेत. आपल्याकडे जिन्याला सर्रास वापरतात ते 304. समुद्राजवळ त्याच्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग येतात. तिथे लागतं 316, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते मिठाला जास्त दाद देत नाही. नव्या विंगची रेलिंग बघायला गेलात तर कोणतं स्टील आहे ते विचारा. आमच्याकडे नव्या विंगमध्ये तिसऱ्याच वर्षी डाग होते. नवी म्हणजे मजबूत, असं गृहीत धरू नका.

रेलिंग बदलता येते. काँक्रीटमधली सळई सहज बदलता येत नाही. काँक्रीटमधून मीठ हळूहळू आत झिरपतं, सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा त्याला आतल्या आत मिळत नाही, म्हणून तो वरचं काँक्रीट ढकलून देतो. आधी सळईच्या रेषेत चीर, मग फुगवटा, मग पोपडा. 2000 साली आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात सुधारणा झाली. समुद्राचे तुषार उडतात अशा ठिकाणी सळईवर किमान 50 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं, असं त्यात आहे. साध्या, सुरक्षित हवेतल्या बांधकामाला 20 चालतं. त्याच्या आधी बांधलेल्या इमारतीत किती आवरण सोडलंय, हे नुसतं बघून कळत नाही, फोडावं लागतं किंवा यंत्राने तपासावं लागतं.

2018 च्या दिवाळीत आम्हाला ते न फोडता कळलं. पहाटे पाचच्या सुमाराला बाहेर मोठा आवाज झाला. वरच्या बाल्कनीच्या तळाचा दोन हात लांबीचा तुकडा आमच्या व्हरांड्यात येऊन पडला होता. सासूबाई रोज उजाडताना ज्या वेताच्या खुर्चीत बसून जप करायच्या, तिच्या पाठीवर. त्या दिवशी अभ्यंगस्नानासाठी त्या आत होत्या. वर बघितलं तर चार सळया उघड्या पडलेल्या, गंजून बारीक झालेल्या. मॅनेजर आले, दिलगिरी म्हणाले, फुलं पाठवली. दुपारी एक गवंडी येऊन सिमेंटचा लगदा थापायला लागला. ह्यांनी त्याला थांबवलं. गंजलेल्या सळईवर वरून सिमेंट थापलं तर दोन पावसाळ्यांत ते पुन्हा खाली येणार. पोकळ काँक्रीट सगळं उडवायचं, सळई घासून चकचकीत करायची, लागेल तिथे नवी जोडायची, गंजरोधक लावायचं आणि मग पॉलिमर मॉर्टर भरायचं. हे खर्चाचं काम आहे आणि रूम बंद ठेवून करावं लागतं. आम्ही सतरा सभासदांनी मिळून पत्रं पाठवली, दोन वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे तो ब्लॉक एका उन्हाळ्यापासून पुढच्या हिवाळ्यापर्यंत बंद ठेवून पूर्ण दुरुस्त झाला. आपल्याकडे सोसायटीच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सांगितलेलं आहे. तेच रिसॉर्टला विचारा: शेवटचं ऑडिट कधी झालं, अहवाल बघायला मिळेल का. खळखळ झाली की पुढे जाऊ नका.

त्या बंदच्या वर्षी आम्हाला नवी विंग दिली. खरं सांगायचं तर तिथे आराम आहे. लिफ्ट, गरम पाणी लगेच, बाथरूममध्ये उंबरा नाही, सासूबाईंना धरायला भिंतीत दांडा. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, खिडक्या बोटाने सरकतात. जुन्या युनिटमध्ये पहिल्या सकाळी नळातून दोन बादल्या तांबूस पाणी जाऊ द्यावं लागायचं, कारण आतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे. इथे सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे, पाणी पहिल्या थेंबापासून स्वच्छ. गादीला दमट वास नाही. पण खोली लहान. स्वयंपाकघर म्हणजे एक इंडक्शन, एक मायक्रोवेव्ह आणि चहाचे चार कप. जुन्या युनिटमध्ये गॅस आहे, ओटा आहे, मागचं दार उघडलं की वारा आरपार जातो. मडगावच्या बाजारातून बांगडे आणायचे, मागच्या पायरीवर बसून मी साफ करायचे, आणि मुलं पायाला वाळू तशीच घेऊन ताटावर यायची. नव्या विंगमध्ये तळण करू नका अशी पाटी आहे. तिसऱ्या दिवसापासून आम्ही तिन्ही वेळा खाली रेस्टॉरंटमध्ये जेवत होतो आणि आठवड्याचं बिल रेल्वेच्या तिकिटांपेक्षा कितीतरी जास्त झालं. हा खर्च कोणी आधी धरत नाही. धरा.

आता निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदार मंडळींसाठी, कारण विचारणाऱ्यांत तुमची संख्या मोठी. सप्टेंबर-ऑक्टोबरला छाटणी, जानेवारी ते मार्च माल निघायचा, एप्रिलला खरड छाटणी. बाग सोडून तुम्हाला डिसेंबरात हलता येत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. तरी तो ख्रिसमसचा महाग सीझन गळ्यात मारतो. तुम्ही निवांत होता ते जून ते ऑगस्टमध्ये. तेव्हा गोव्यात धो धो पाऊस, वाळूवरचे शॅक काढून ठेवलेले, पाण्यात उतरायला मनाई. अशा दिवसांत समुद्रापासून शंभर पावलांवरची कौलारू रूम घेऊन काय करणार? भिंतींना ओल येते, टॉवेल चार दिवस वाळत नाहीत. तुम्ही स्वस्तातला सीझन घ्या आणि नवी विंग घ्या. मडगावला नाशिक रोडहून थेट मंगला एक्सप्रेस आहे, फक्त कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून निघा.

पैशांचं थोडक्यात. वर्षाचा मेन्टेनन्स, ज्याला ते एएसएफ म्हणतात, तुम्ही जा किंवा नका जाऊ, भरावाच लागतो, वर 18 टक्के जीएसटी. तो वाढत जातो. जुन्या इमारतीत मोठी दुरुस्ती निघाली तर सभासदांकडून वेगळी वर्गणी मागता येईल का, हे करारात शोधा. आमच्या करारात ते कलम अकराव्या पानावर होतं आणि मी ते 2018 नंतर पहिल्यांदा वाचलं. करारात विशिष्ट युनिटचा नंबर आहे की नुसता 'वन बेडरूम' असा प्रकार लिहिलाय, तेही बघा. नंबर नसेल तर आज दाखवलेली जुनी रूम तुम्हाला मिळेलच असं नाही.

आणि वर्षं मोजा. साठीला आलेल्या माणसाने नवा 25 वर्षांचा करार करू नये, असं मला मनापासून वाटतं. जुन्या सभासदाचे सहा-सात वर्षं उरलेले वीक विकायला असतात, ट्रान्सफर फी भरून ते पुष्कळ कमी पैशात मिळतात. विकणारा ते दाखवणार नाही, सभासदांनाच विचारावं लागतं. आपल्या देशात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही. तंटा झाला तर ग्राहक आयोगात जावं लागतं. पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे रिसॉर्ट गोव्यात आणि कंपनी कुठेही असली तरी नाशिकच्या जिल्हा आयोगात. फोनवर जे जे कबूल करतील ते ईमेलवर लिहून मागा.

बघायला गेलात तर दिवसा जा. पाच रुपयांचं नाणं घ्या आणि बाल्कनीच्या खांबावर, हात पोचेल तिथे स्लॅबच्या कडेवर वाजवा. भरीव काँक्रीट टण्ण वाजतं. सुटलेलं असेल तर भोपळ्यावर वाजवल्यासारखा बद्द आवाज येतो, एकदा ऐकला की विसरत नाही. खिडकीच्या खाचेतून बोट फिरवा. कपाट उघडून आत नाक घाला. नळ सोडा आणि पहिलं पाणी पांढऱ्या कपात धरा. यातलं काही विकणाऱ्याला आवडणार नाही, आणि त्याचा संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

आम्ही नव्या विंगमध्ये गेलो नाही. फरक भरला असता तर करार 2029 च्या पुढे गेला असता आणि तो व्हरांडा गेला असता. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ह्यांनी खाली उभं राहून काठीने वरच्या बाल्कनीचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवला. सगळीकडे टण्ण. मग आतून सासूबाईंची खुर्ची आणली आणि जिथे आधी असायची, बरोबर तिथेच ठेवली.