"आमच्या बाई असं करत नाहीत"

पहिल्या आठवड्यात हे वाक्य मी रोज ऐकलं. फळ्यावर तारीख उजवीकडे लिहिली तरी हेच, हजेरी घेतली तरी हेच.

जुलै 2024 मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत पाचवीचा वर्ग माझ्याकडे आला. वर्गाच्या बाईंची 180 दिवसांची प्रसूती रजा होती. पुढे त्यांनी बालसंगोपन रजा जोडली आणि माझं सहा महिन्यांचं काम वर्षभराचं झालं. डी.एड. आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) करून मी पवित्र पोर्टलवरच्या, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीची वाट बघत घरी बसले होते. स्वतःचा वर्ग हवा होता, आणि मिळालेला वर्ग मात्र दुसऱ्या कुणाचा होता. ते वाक्य म्हणूनच फार टोचायचं.

शेवटी बाईंनाच फोन केला. म्हणाल्या, "मॅडम, हजेरीला नावं घेऊ नका. मुलं आपापला क्रमांक म्हणतात. सतरा नंबरची मुलगी वर्गात अजिबात बोलत नाही. दिवसातून एकदा तरी तिचा आवाज सगळ्यांनी ऐकावा म्हणून ते सुरू केलंय." मी आठवडाभर चेहरे बघून हजेरीपटात खुणा करत होते. त्या मुलीचा दिवसभरातला एकुलता एक शब्द मीच काढून घेतला होता. दुसऱ्या दिवशी क्रमांक सुरू केले. पंधरा, सोळा, मग जराशी शांतता, आणि अगदी हळू आवाजात "सतरा".

रजेच्या जागेवर जाणाऱ्यांना म्हणूनच माझं पहिलं सांगणं: हजेरीपट, वार्षिक नियोजन, आकारिक (वर्षभरातल्या मूल्यमापनाच्या) नोंदी हे सगळं मुख्याध्यापकांकडून मागून घ्याच, पण आधीच्या शिक्षकांशी तासभर बोला. कोण कोणाशेजारी बसतं आणि का, कोणाला फळा नीट दिसत नाही, कोणाच्या घरी फोन कुणी उचलतं, हे कुठल्याच नोंदवहीत नसतं.

शिकवण्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते अपूर्णांकांनी. 1/2 + 1/4 याचं उत्तर अर्ध्या वर्गाने 2/6 लिहिलं. वरचे अंक वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत. मी समच्छेद करण्याची, म्हणजे खालचे अंक सारखे करण्याची रीत तीनदा फळ्यावर मांडली. वह्यांत उतरली, डोक्यात नाही. मग एका मुलाला विचारलं, "दुकानातून अर्धा किलो साखर आणली, वर पाव किलो आणली. किती झाली?" त्याने क्षणात सांगितलं, "पाऊण किलो." उत्तर मुलांच्या तोंडात होतं, फक्त आकड्यांशी त्याची गाठ पडली नव्हती. प्रत्येकाने कागदाची पट्टी कापली, एकदा दुमडली, पुन्हा दुमडली, चार घरं झाली. अर्धा म्हणजे दोन घरं, पाव म्हणजे एक. तीन घरं रंगवली. मग 2/6 साठी तेवढ्याच लांबीच्या दुसऱ्या पट्टीची सहा घरं केली, दोन रंगवली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे तर अर्ध्यापेक्षा कमी भरलं! मिळवल्यावर कमी कसं होईल?" त्या प्रश्नासाठी मी तो आठवडा पुन्हा शिकवायला तयार आहे.

पगाराबद्दल एवढंच सांगते. मानधन संस्थेकडून, तेही दोन-दोन महिने थांबून यायचं. नेमणुकीचं पत्र आणि अनुभवाचा दाखला लेखी घ्या, शाळा सोडण्याआधी घ्या. नंतर फेऱ्या माराव्या लागतात.

दिवाळीनंतर वर्गातली चार मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, जावंच लागतं. तिघांच्या आजीआजोबांना भेटून मुलांना मागे ठेवा म्हणून विनवलं होतं. एकीला आजीने ठेवून घेतलं असतं, पण तिच्या धाकट्या भावाला फडावर सांभाळायचं कुणी? मला उत्तर देता आलं नाही. जाताना चौघांना सराव लिहून दिलेली एकेक वही दिली.

मार्चअखेर मुलं परतली. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असते, प्रत्येक विषयात 50 पैकी 18 गुण लागतात. चौघांपैकी तीन जण निभावले. एका मुलाला गणितात 7 मिळाले. जूनमध्ये पुनर्परीक्षा होती आणि तेव्हा मी शाळेत नसणार होते. तो कष्टाळू पोरगा आहे. पाच महिने वर्ग नाही मिळाला, एवढंच.

शेवटच्या आठवड्यात मी बाईंसाठी एक वही लिहिली. प्रत्येक मुलाला एक पान. या मुलाचं पान सगळ्यात लांबलं: गुणाकार येतो, हातचा विसरतो. शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचून दाखवलं तर सोडवतो. अपूर्णांक आकड्यांनी विचारू नका, आधी पाव-अर्धा-पाऊण विचारा. सतरा नंबरच्या पानावर लिहिलं: फेब्रुवारीपासून कविता म्हणते, मात्र खिडकीकडे तोंड करून. तिला वळायला सांगू नका.

1 मे ला निकालाच्या दिवशी बाई बाळाला घेऊन आल्या होत्या. वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच उभ्याने सतरावं पान उघडलं आणि बराच वेळ मिटलं नाही.

जूनमध्ये त्यांचा फोन आला. तो मुलगा पास झाला होता. पेपर लिहिताना उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात त्याने पेन्सिलीने चार घरांची एक पट्टी काढली होती आणि तीन घरं रंगवली होती.