मधल्या नावाचा माग

वंशावळ काढायला बसलो तेव्हा काम सोपं वाटलं होतं. आपल्याकडे मधलं नाव बापाचं. एका माणसाचं पूर्ण नाव मिळालं की वरची पायरी आपोआप सापडते. आजोबा रघुनाथ गोविंद, पणजोबा गोविंद रघुनाथ. खापरपणजोबा पुन्हा रघुनाथ गोविंद! नातवाला आजोबाचं नाव ठेवायची आमच्या घरची रीत, त्यामुळे पायऱ्या चढतोय की गोल फिरतोय तेच कळेना.

तहसील कचेरीत अर्ज करून १९२६ च्या फेरफाराची नक्कल काढली. सगळं मोडीत. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी बोट ठेवत वाचलं: ‘रघुनाथ बिन गोविंदा मयत, वारस मुलगा धोंडू.’ बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. मी म्हटलं, हे शक्यच नाही. शाळेच्या दाखल्याप्रमाणे आजोबा तेव्हा सात वर्षांचे होते, आणि मी तर त्यांच्या मांडीवर खेळलोय. गुरुजी हसले. ‘अहो, हे तुमचे आजोबा नव्हेत, त्यांचे आजोबा.’

बरं, पण मग धोंडू कोण? तिथे गोविंद हवा होता. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, पाहिलं. जन्माच्या नोंदीत बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’. बारसं व्हायच्या आधीच नोंद होऊन जायची, तिथे नाव कुठून येणार?

शेवटी गाठ सोडवली आत्यानं, फोनवर, भाजी निवडता निवडता. ‘अरे, धोंडू म्हणजे आपले गोविंदआजोबाच. त्यांच्या आधीची दोन मुलं गेली, म्हणून धोंडू म्हणायला लागले. आणि गोविंद तर सासऱ्याचं नाव, ते आईच्या तोंडी कसं यायचं?’ घरी धोंडू, म्हणून गावात धोंडू, म्हणून तलाठ्याच्या दप्तरातही धोंडू.

तरी लेखी काही हवं होतं. नाशिकला रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, लाल कापडात बांधलेली लांबट वही सोडली, आणि पंधरा मिनिटांत पान समोर ठेवलं. बापाच्या अस्थी घेऊन आलेल्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं: ‘गोविंद ऊर्फ धोंडू, बापाचे नाव रघुनाथ, आज्याचे नाव गोविंद.’ खाली मुलांची नावं. बायकोच्या नावापुढे ‘कोम गोविंद’, म्हणजे गोविंदाची बायको, एवढंच. तिचं माहेर, तिचा बाप, काही नाही. लग्नात पहिलं नावसुद्धा बदललेलं, त्यामुळे तिचा माग तिथेच संपला.

उपाध्यायांनी वही माझ्याकडे सरकवली आणि नवी नोंद करायला सांगितलं. माझी मुलगी १ मे २०२४ नंतरची, म्हणजे नावात आईचंही नाव लावायचा नियम आल्यानंतरची. तिच्या दाखल्यावर आधी तिचं नाव, मग आईचं, मग माझं. तसंच लिहायला घेतलं. ओळ पुरली नाही, आडनाव समासात गेलं.