हवाई अंतर ९८० मीटर

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेशाच्या अर्जात मला सगळ्यात जास्त छळलं ते उत्पन्नाच्या दाखल्याने नाही, नकाशावर घराची जागा दाखवणाऱ्या लाल फुग्याने.

आम्ही कांजूरमार्ग पूर्वेला, लेकीसाठी मनात होती ती शाळा पश्चिमेला. रेल्वेचा पूल धरून चालत पावणेदोन किलोमीटर. पण अर्जात मोजतात ते हवाई अंतर; मधे रूळ असोत नाहीतर नाला. एक किलोमीटरच्या आतल्यांचा नंबर आधी. सायबरवाल्याने फॉर्म भरून दिला आणि घरी येऊन बघते तर एक किलोमीटरच्या यादीत शाळाच नाही!

रात्री मोबाइलवर नकाशा उघडला. आमच्या इमारतीवर बोट दाबून धरलं, अक्षांश-रेखांश आले. मग शाळेचे घेतले. वजाबाकी केली तर अक्षांशात ०.००५५ आणि रेखांशात ०.००७३ एवढा फरक. म्हणजे घरून सरळ उत्तरेला जायचं, मग काटकोनात पश्चिमेला वळायचं. घर ते शाळा ही तिरकी रेघ झाली कर्ण. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, एवढं भूगोलातलं आठवत होतं. एक बाजू ६१० मीटर, दुसरी ८१०. वर्ग, बेरीज, वर्गमूळ... १,०१४. चौदा मीटरसाठी गेली की हो शाळा! आमच्या मजल्याचा पॅसेज याहून लांब असेल.

शेजारची पोरगी दहावीला. वहीत डोकावून म्हणाली, "काकू, रेखांश ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात ना? मग दोन्हीकडे १११ कसे?" खरंच की. रेखांशातलं १११ विषुववृत्तावरचं. मुंबई १९ अंशांवर, त्यामुळे १९ च्या कोसाइनने, म्हणजे ०.९४५ ने गुणायचं, राहतात १०५. उत्तर-दक्षिण बाजू तेवढीच राहते. परत मांडलं, ६१० आणि ७६७. कर्ण ९८०.

मग अर्जातला फुगा झूम करून पाहिला. तो आमच्या इमारतीवर नव्हताच, पार हायवेच्या कडेला टेकवलेला. अर्ज अजून कन्फर्म केला नव्हता म्हणून निभावलं. सकाळी सायबर उघडायच्या आधीच दारात उभी राहिले. फुगा हलवला, शाळा यादीत आली.

सोडतीत आधी प्रतीक्षा यादी, मग नंबर लागला. कागदपत्रांच्या पडताळणीत अंतराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. माझी आकडेमोडीची वही पिशवीतच राहिली. आता रोज पूल चढतो आम्ही, जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर. दप्तर अर्थात माझ्याच खांद्यावर.