बॉनेट उघडलं की

पार्किंगमधे बॉनेट उघडून उभं राहिलं की पाच मिनिटांत कोणी ना कोणी येतंच. परवा दुपारी तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा आला, नवीन गाडी घेतलीय त्याने, आणि म्हणाला, काकू, गाडी बंद पडली का? म्हटलं नाही रे, ऑइल बघतेय. तर म्हणे, का, लाईट लागला का?

म्हणजे याच्या हिशोबाने ऑइल बघायचं ते लाईट लागल्यावर. अरे तो किटलीच्या चित्राचा लाल दिवा लागतो तेव्हा ऑइलचं प्रेशर गेलेलं असतं, तेव्हा बघण्यासारखं काही उरलेलं नसतं, जिथे आहेस तिथे बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं, 'पुढच्या पंपापर्यंत नेऊ' म्हणालास तर इंजिन जाम. हे सगळं मी त्याला सांगितलं आणि तो हो हो करत गेला. मग बी विंगमधले रिटायर्ड काका आले, त्यांनी न विचारताच बॅटरीचे टर्मिनल बघितले, मग वॉचमन. आपल्याकडे उघडं बॉनेट म्हणजे बिघाड, आणि उघडं बॉनेट आणि शेजारी बाई म्हणजे तर मोठाच बिघाड. कोणाला पटतच नाही की चांगली चालणारी गाडी कोणी उगाच उघडून बघत असेल.

मला ही सवय बाबांची. त्यांची सेकंडहँड गाडी, स्टिअरिंगजवळ गियर असलेली (कुठली ते माझ्या वयाचे लोक ओळखतील), आणि तिच्या सीटखाली कायम एक जुना बनियन असायचा. इंजिनातलं ऑइल किती आहे ते दाखवणारी पट्टी पुसायला. बनियनच. टिश्यूने पुसली तर तंतू चिकटतात आणि ते तंतू पट्टीबरोबर आत जातात असं त्यांचं मत, आणि आता माझंही आहे, आमच्या घरातले फाटके बनियन पोछ्याला मिळत नाहीत त्यावरून कामवाल्या मावशींशी माझी कायमची धुसफूस. तर गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली, मग पट्टी ओढायची, पुसायची, परत पूर्ण आत घालायची आणि परत ओढायची. पहिल्यांदा ओढल्यावर दिसतं ते खरं नाही, ते वरपर्यंत उडालेलं ऑइल असतं. दोन खुणांच्या मधे पाहिजे. बऱ्याचशा छोट्या गाड्यांत त्या दोन खुणांमधे साधारण लिटरभर ऑइलचा फरक असतो, म्हणजे खालच्या खुणेला टेकलं म्हणून घाबरून अख्खा डबा ओतायचा नाही, वर गेलं तर क्रँक, म्हणजे इंजिनात फिरणारा दांडा, ते घुसळून फेस करतो आणि फेसाने काही वंगण होत नाही. काळं दिसलं म्हणून घाबरायचं नाही, डिझेलचं तर बदलल्यावर थोड्याच दिवसात काळं होतं. दुधाळ दिसलं तर मात्र घाबरायचं, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, ऑइलमधे जायला लागलंय.

बाबा हे सगळं न बोलता करायचे. मी पाचवी-सहावीत असेन, मुंबईला आत्याकडे जायचं म्हणजे पहाटे उठायचं, डबे, पाण्याचा कॅन, त्याशिवाय गाडीसाठीचा वेगळा पाण्याचा कॅन (तो आम्ही प्यायचा नाही आणि आमचा गाडीला घालायचा नाही, आईचा नियम), आणि बाबा अंधारात टॉर्च दातात धरून बॉनेटमधे वाकलेले. एक्सप्रेसवे २००२ साली पूर्ण झाला, ही गोष्ट त्याच्या आधीची. येताना बोरघाट चढायचा. मे महिना, मागे आम्ही तिघं, डिकीत आत्याने दिलेलं सगळं सामान, पुढे एस्टी काळा धूर सोडत, ओव्हरटेक करायला जागा नाही, आणि इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा वर वर. मग बाबा शांतपणे कडेला घ्यायचे. आम्ही एकटे नसायचोच, आधीच तीन-चार गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या, कोणाचे भडंग, कोणाच्या दशम्या, सगळ्यांची सगळ्यांना ओळख. आमची गाडी तापली याचा आम्हाला मुलांना आनंदच व्हायचा. खालून शीळ घालत आगगाडी जायची.

रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही ही सक्त ताकीद. शेजारचे कोणीतरी फडकं घेऊन पुढे यायचेच, की मी उघडतो, आणि बाबा त्यांना अडवायचे. कुकरची शिट्टी पडायच्या आत झाकण उघडतेस का तू, असं त्यांनी मला एकदा विचारलं होतं आणि तेवढ्यात सगळं समजलं. आत दाबाखाली पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्या क्षणी सगळं उकळून तोंडावर. अर्धा तास थांबायचं म्हणजे थांबायचं. मग इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी, एकदम गार पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड तडकतं. तेव्हा लोक सर्रास साधं पाणीच घालायचे. आता कूलंट असतं, हिरवं किंवा गुलाबी, बाटलीला बाहेरून रेघा, झाकण उघडायचीही गरज नाही, नुसतं वाकून बघायचं. तेवढंही कोणी बघत नाही.

शिंग्रोबाला मात्र सगळे थांबायचे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर, त्याचं देऊळ, गाडी हळू करून खिडकीतून नाणं टाकायचं. नाणं टाकायचं काम माझं होतं. मी ते अजून टाकते, जुन्या रस्त्याने गेले तर. खंडेनवमीलाही आमच्या पार्किंगमधे काय सोहळा असतो, बॉनेटवर झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, आणि हार सुकून गळून पडेपर्यंत बॉनेट उघडायचं नाही कारण हार काढवत नाही! माझा पूजेला विरोध नाही, मीही करते, फक्त आधी ब्रेक ऑइल बघते.

ब्रेक ऑइल हा माझा खरा हट्ट. इंजिन ऑइलबद्दल निदान लोकांना माहीत असतं, ब्रेक ऑइलची ती छोटी पिवळट बाटली कोणाच्या खिजगणतीत नसते. ते कमी झालेलं दिसलं की गॅरेजवाला पोऱ्या वरून ओतून मोकळा होतो, पण ते गळत नसेल तर कमी का होतं? चाकाला धरून थांबवणारे ब्रेकचे पॅड झिजले म्हणून. पिस्टन बाहेर येतो तेवढं ऑइल खाली जातं. म्हणजे ओतायच्या आधी पॅड बघायला पाहिजेत. आणि गळत असेल तर मग बोलायलाच नको, ती गाडी हलवायची नाही. दुसरं म्हणजे ते हवेतली ओल पितं, आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात तर बाराही महिने दमट. डॉट फोर या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे, ओल प्यायलेल्यासाठी तेच मानक १५५ वर येतं. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला की डिस्क किती तापते बघा, ऑइल उकळतं, बुडबुडे होतात, आणि पाय थेट खाली जातो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. मी सांगितल्यावर सर्व्हिस सेंटरवाले माझ्याकडे असं बघतात की जणू मी गाडीला तीर्थ घालायला सांगतेय. 'मॅडम, ते चालतं.' चालतं की, चालायचा प्रश्नच नाही, थांबायचा आहे.

गाडी शिकवताना बाबांनी घाटाचं एकच वाक्य सांगितलं, ज्या गियरला चढशील त्याच गियरला उतर. दुसऱ्यावर चढलीस तर दुसऱ्यावर उतर, गियरमधे असली की इंजिनच गाडीला रोखतं, आवाज करेल, करू दे, ब्रेक फक्त अधूनमधून. न्यूट्रल मारून उतरणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग, एकदा एका नातेवाईकाच्या गाडीतून खंबाटकी घाटात मधेच उतरायची तयारी केली होती त्यांनी, आई मधे पडली म्हणून.

आणि खंबाटकीच कशाला, आमच्या पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत तो लांबलचक उतार आहे. दिसायला काही नाही, रुंद हायवे, उतार आहे हेही नवख्याला कळत नाही. २० नोव्हेंबर २०२२, रविवारची संध्याकाळ, एका ट्रकने पुढची रांगच्या रांग ठोकत नेली, ४८ गाड्यांचा आकडा तेव्हा सगळ्या बातम्यांत होता. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं होतं असंही छापून आलं होतं. आता मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा काँप्रेसर इंजिनवर चालतो. इंजिन बंद केलं की टाकीत असेल तेवढीच हवा, ब्रेक दाबत राहिलं की तीही संपत जाते. त्याच्या आधीही तिथे अपघात झाले होते, नंतरही झालेत.

साताऱ्याहून येताना मला तिथूनच यावं लागतं. माझं ऑइल वरच्या खुणेजवळ, कूलंट भरलेलं, ब्रेक ऑइल नवं, टायरमधे हवा बरोबर, आणि आरशात मागे सोळा चाकी. तो गियरमधे आहे का न्यूट्रलमधे हे आरशात दिसत नाही. गियरमधला ट्रक उतारावर घरघरतो, तेवढं ऐकू येतं, म्हणून मी बोगदा संपला की एसी बंद करून काच खाली करते. नवरा म्हणतो धूळ येते. येते, खूप येते.