पेनेलोपेचा नवरा घरी येतो तेव्हा

माद्रिदला रेतीरो बागेकडे जाणारा कुएस्ता दे मोयानो नावाचा चढ आहे. तिथे जुन्या पुस्तकांच्या लाकडी टपऱ्या ओळीने उभ्या असतात. परवा तीन युरोंत एक पिवळं पडलेलं नाटक मिळालं. अंतोनियो बुएरो वायेखो यांचं ‘ला तेखेदोरा दे सुएन्योस’, म्हणजे स्वप्नं विणणारी.

ग्रीक कवी होमरची मूळ गोष्ट अशी : इथाकाचा राजा उलिसेस ट्रॉयच्या लढाईवर गेला तो वीस वर्षांनी परतला. तोवर त्याच्या बायकोने, पेनेलोपेने, मागणी घालणाऱ्यांना झुलवत ठेवलं. सासऱ्याचं कफन विणून झालं की लग्न करीन, म्हणायची. दिवसा विणायची, रात्री उसवायची.

बुएरोंनी तिचं पातिव्रत्यच उसवलंय. त्यांच्या पेनेलोपेचा जीव जडलाय अन्फिनोवर. मागणी घालणाऱ्यांतला तो सगळ्यात गरीब आणि सरळ. माग चालू राहतो तो आता त्याच्यासाठी. उलिसेस भिकाऱ्याच्या वेषात येतो, पण होमरला ज्यात चातुर्य दिसलं त्यात बुएरोंना भीती दिसते : आपण म्हातारे झालो, ही आपल्याला स्वीकारेल का? अन्फिनोला तो मारून टाकतो. पेनेलोपे नवऱ्याला तोंडावर भित्रा म्हणते. आणि शेवटी दासी गातात ते मात्र पतिव्रता पेनेलोपेचं स्तोत्र, कारण राजाला तशीच कथा हवी असते.

फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, “वीस वर्षांनी उगवला आणि वर हिचीच परीक्षा?”

पहिला प्रयोग ११ जानेवारी १९५२ रोजी तेआत्रो एस्पान्योलमध्ये झाला. ते नाट्यगृह प्लासा दे सांता आनामध्ये आहे. समोर हातात पक्षी घेतलेला कवी लोर्काचा पुतळा. तेव्हा स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँकोची राजवट होती, सेन्सॉर कडक. बुएरो स्वतः स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोविरुद्ध हरलेल्या बाजूचे. फाशीची शिक्षा झाली, ती रद्द होऊन तुरुंगवास मिळाला, १९४६ मध्ये सुटले. अशा माणसाने विजेत्या योद्ध्याला भित्रा ठरवायचं तर इथाकाइतकी सोयीची जागा कुठली? तीन हजार वर्षांपूर्वीच्या राणीला कात्री लावायला कोण येणार! पुढे १९७५ मध्ये अंतोनियो गाला यांनीही ‘का पळतोस, उलिसेस?’ लिहिलं, पण मला बुएरोंची पेनेलोपे जास्त भिडली.

एकट्या मलाच नाही. माझ्या प्रतीत ती नवऱ्याला सुनावते त्या पानाच्या समासात कुणीतरी शिसपेन्सिलीने रेघ ओढलीय, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलीय.