पेन्सिल सेलवरची तलवार

आमच्या घरात वीज म्हणजे लांबून नमस्कार करायची गोष्ट. ओले हात, अनवाणी पाय, पावसाळ्यातली ओल आलेली भिंत, या सगळ्यांबद्दलच्या सूचना मला पाढ्यांच्या आधी पाठ होत्या. फ्यूज उडाला की वडील रबरी चपला घालून लाकडी स्टुलावर चढायचे आणि तार बांधायचे. खाली टॉर्च धरून उभं राहणं एवढंच आईचं आणि माझं काम. पुढे लग्न झालं, घर बदललं, फ्यूज जाऊन एमसीबी आले, तरी माझा विजेशी व्यवहार बटणाच्या अलीकडेच राहिला. बटणापलीकडे २३० व्होल्ट, आणि त्यांच्याशी बोलायचं ते वायरमननं.

सोसायटीच्या गणेशोत्सवातल्या बालनाट्याची प्रॉपर्टी दरवर्षी माझ्याकडे असते. मुकुट, गदा, राजाचा पलिता, सगळं पुठ्ठ्याचं. यंदाच्या संहितेत मात्र ‘खऱ्या वारसाने मूठ धरताच तलवार निळ्या तेजाने उजळते’ अशी सूचना निघाली. बाजारात दिव्याच्या तलवारी मिळतात, पण त्या बटण दाबताच किंचाळतातही. नुकतंच राजाचं निधन झालेलं असताना तलवारीनं टिंवटिंव करावं हे काही बरं दिसलं नसतं. म्हणून तलवार घरीच करायची ठरली.

शिकवणी घेतली वरच्या मजल्यावरच्या डिप्लोमाच्या मुलानं. त्यानं सेलबॉक्समध्ये तीन पेन्सिल सेल बसवले आणि त्याच्या लाल-काळ्या वायरींची उघडी टोकं माझ्यापुढे धरली. “काकू, साडेचार व्होल्ट. दोन्ही टोकं बोटांत धरा.” मी आधी पायात चपला आहेत का ते पाहिलं. मग धरली. काही म्हणजे काहीच झालं नाही. पन्नाशी उलटल्यावर मला पहिल्यांदाच कळलं, की हातात धरता येते अशीही वीज असते. शाळेत ओहमचा नियम मार्कांपुरता घोकला होता, पण ही गोष्ट त्यात कुठे होती?

एलईडी ही फार शिस्तीची वस्तू आहे. तिला दोन पाय, एक लांब आणि एक आखूड. लांब तो धन, आखूड तो ऋण. पाय कापल्यावर पंचाईत होऊ नये म्हणून ऋण बाजूला खालच्या गोल कडेचा थोडा भाग सपाट केलेला असतो. तो डोळ्यांपेक्षा नखाला लवकर सापडतो. जुन्या टॉर्चचा बल्ब सेल उलटे घातले तरी पेटायचा. एलईडी उलटी जोडली तर तक्रार करत नाही, भांडत नाही, फक्त पेटत नाही. प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणं हा तिचा धर्मच आहे.

पण सुलट जोडली की तिला हाव सुटते. बल्बची तार तापली की तिचा विरोध वाढतो, त्यामुळे ती आपली आपणच लगाम घालून घेते. एलईडीला असला लगाम नाही. व्होल्टेज जरासं वाढलं तरी प्रवाह भलताच वाढतो, आणि ती लख्ख पेटून कायमची जाते. म्हणून सोबत रेझिस्टन्स, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारी चिमुकली नळी, लावायचा. हिशेब सोपा आहे. सेलचे साडेचार व्होल्ट, त्यातले साधारण ३.२ निळी एलईडी स्वतःकडे ठेवते, उरले १.३. प्रवाह हवा २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. भागाकार केला की ६५ ओहम येतात. ६५ चा रेझिस्टन्स सहसा मिळत नाही, ६८ चा मिळतो. थोडा जास्त घ्यायचा, कमी नाही.

हे सामान घ्यायला बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. पुण्यातली बहुतेक विद्युत विद्या तिथूनच सुटी विकत मिळते. काउंटरवर मी “पाव वॅट, अडुसष्ट ओहम” असं म्हटल्यावर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, “ताई, किती देऊ?” गल्लीत आपण उपरे ठरलो नाही याचा मला झालेला आनंद त्या खरेदीच्या मानानं बराच जास्त होता. रेझिस्टन्सवर ओहमचा आकडा रंगांच्या पट्ट्यांत लिहिलेला असतो. ६८ म्हणजे निळी, राखाडी, काळी. तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या नळीवर निळा कोणता आणि राखाडी कोणता हे चाळिशीच्या चष्म्यातून ओळखणं माझ्या मते अघोरी आहे. ओहम मोजणारा मल्टिमीटर लावावा आणि आकडा वाचावा.

मुलांना तलवार निळीच हवी होती. त्यांच्या लेखी निळा दिवा म्हणजे राउटरवर सुद्धा असतो तो. माझ्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर लाल किंवा हिरवा ठिपका असे, निळा मी पाहिल्याचं आठवत नाही. डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारी एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये केली. झगझगीत निळी यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं, कारण त्यासाठी लागणारे गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवणं हेच महाकठीण होतं. ते जमवणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपल्या डोक्यावर जळणारे बहुतेक पांढरे दिवेसुद्धा मुळात निळेच, त्यावर पिवळ्या प्रकाशाच्या भुकटीचा थर दिलेला. आमच्या बालनाट्यातल्या राजपुत्राला याचं काही देणंघेणं नव्हतं.

पात्याचा प्रश्न नावाच्या पाट्या करणाऱ्याच्या दुकानात सुटला. त्यानं पाच मिलिमीटरच्या पारदर्शक अॅक्रिलिकमधून पातं कापून दिलं. एलईड्या पात्यात नाहीतच. त्या चार, मुठीत, पात्याच्या बुडाशी टेकवलेल्या. खालच्या कडेतून आत शिरलेला प्रकाश गुळगुळीत पृष्ठभागावर तिरका आपटतो आणि बाहेर न पडता पुन्हा आत वळतो, असा आपटत आपटत पुढे सरकतो. बाहेर पडायला त्याला खरवडलेली जागा लागते. म्हणून कडा पॉलिशपेपरनं घासायच्या: टोकाकडे जास्त, मुठीकडे अगदी हलक्या हातानं, नाहीतर सगळा प्रकाश खालीच सांडतो आणि टोक उपाशी राहतं. मधल्या सपाट भागावर मी कंपासपेटीतल्या कर्कटकानं एक वेल कोरली. दिवसा ती ओरखड्यांसारखी दिसे. दिवे मालवून बटण दाबलं, तर मधलं अॅक्रिलिक जवळजवळ दिसेना आणि वेल तेवढी निळी, पानापानानं हवेत. एका पानाला कर्कटक जरा जास्त रुतलं होतं, ते सगळ्यांत जास्त उजळलं.

चारही एलईड्यांना एकच रेझिस्टन्स का नको, हे मी विचारलंच. एका घाण्यातल्या चार एलईड्यासुद्धा तंतोतंत सारख्या नसतात. जिला जरा कमी व्होल्टेज पुरतं ती जास्त प्रवाह ओढते आणि बाकीच्या मंदावतात. म्हणून प्रत्येकीला आपापला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या मला हे लगेच पटलं.

डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, मात्र मला मनापासून आवडलं. पंचवीस वॅटची सोल्डरिंग आयर्न, आत रोझिन, म्हणजे राळ, भरलेली कथलाची तार. कथील आयर्नला लावायचं नाही, आधी जोड तापवायचा आणि कथील जोडाला लावायचं. मग ते चकचकत आपसूक पसरतं. नीट न तापलेल्या जोडावर त्याचा राखी, खडबडीत गोळा बसतो आणि पुढे ऐनवेळी दगा देतो. वायरीच्या टोकाला आधी कथील पाजून घेतात ती तर सरळ सरळ कल्हई. लहानपणी गल्लीत भाता घेऊन बसणारा कल्हईवाला तापल्या पातेल्यात नवसागर टाकायचा, तेच काम इथे रोझिन करतं: धातूवरचा गंज काढायचं. फक्त साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हा उद्योग ओट्यावर करायचा नाही आणि नंतर हात साबणानं धुवायचे.

मूठ प्लंबरच्या पीव्हीसी पाइपची, त्यात सेलबॉक्स, आणि अंगठ्याखाली दाबायचं बटण. तालमीत खोट्या राजपुत्रानंही बटण दाबलं आणि तलवारीनं त्यालाही वारस ठरवलं. मग त्याला मूठ खालून धरायला सांगितलं. प्रयोगात सगळं रीतसर झालं. तलवार उजळल्यावर पुढच्या रांगेतल्या आजींनी हातही जोडले.

आता माझं नाव झालं आहे. कुणी चावीची गाडी आणून देतं, कुणी मखराची विझलेली माळ. पेन्सिल सेलवर चालणारं काहीही मी उघडून बघते. परवा दुसऱ्या विंगमधल्या बाई मिक्सर घेऊन आल्या. त्यांना चहा दिला आणि वायरमनचा नंबर दिला.