अमळनेर, भरीत आणि कॅमेरा बंद असताना झालेला जोक

जानेवारीत अमळनेरला जायचं खरं कारण भरीत होतं. मग मामाचा फोन आला, शनिवारी केबलवाल्यांच्या त्या रात्री ११ च्या कॉमेडी प्रोग्रामचं रेकॉर्डिंग आहे, मंगल कार्यालयात, दोन पास मिळालेत, येतो का. म्हणलं येतो.

पुण्याहून रात्री महाराष्ट्र एक्स्प्रेस, सकाळी जळगाव, तिथून सुरत लाइनची गाडी पकडायची. धरणगाव गेलं की मला आपोआप मामाचं गाव आल्यासारखं वाटायला लागतं. दोन्ही बाजूला कापूस, वेचणी संपत आलेली, नुसत्या पऱ्हाट्या उभ्या. अमळनेर म्हणलं की लोक साने गुरुजी म्हणतात, किंवा विप्रो इथून सुरू झाली (१९४५, तेलाचा कारखाना) हे सांगतात, आणि २०२४ ला साहित्य संमेलन झालं तेव्हापासून तेपण सांगतात. मामा यातलं काहीच सांगत नाही, स्टेशनवर उतरलो की एकच, "काय भासा, कवय उना?" आता मी समोर उभा आहे, गाडीतून उतरताना त्याने पाहिलंय, तरी कधी आलास विचारणार. 

दुपार वावरात गेली. हिरवट पांढरी, हातभर वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, साल काढून लाकडाच्या बडगीत ठेचायची, मग हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि हात न आखडता तेल. सोबत कळण्याची भाकरी. मिक्सरमधून काढलेल्या भरताला भरीत म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, नुसतं जेवत नाही त्यांच्याकडे.

रेकॉर्डिंगची वेळ सातची, सुरू झालं पावणेनऊला. स्टेजवर लग्नाचाच महिरपी सोफा मागे ढकललेला, समोर दोन कॅमेरे, मागे फ्लेक्स. अँकर पोरगा कोट घालून. आता टीव्हीवरच्या कॉमेडीची एक भाषा ठरून गेलीये, २०१४ ला चला हवा येऊ द्या आलं, मग हास्यजत्रा, सगळ्यांना तसंच करायचं असतं, तेच टायमिंग, तोच वाजणारा ढँटढँण. पहिले चार आयटम तसेच गेले. नवरा-बायको, मोबाईल, नट-नेत्यांचे आवाज. एक सत्तरीचे आजोबा मात्र मस्त होते, तमाशात सोंगाड्या होते म्हणे, त्यांनी बतावणीतला एक तुकडा केला, नुसतं धोतराचा सोगा हातात धरून ते पाटलाचे तलाठी झाले आणि तलाठ्याचे पाटील. त्यांना तीन मिनिटं दिली. तीन मिनिटात गण पण होत नाही हो.

मग एक मास्तर आले, झेडपीच्या शाळेतले, पहिल्यांदाच स्टेजवर. त्यांना आधीच बजावलेलं होतं (आम्ही पुढच्या रांगेत, सगळं ऐकू येत होतं) की सर शुद्ध बोला, कार्यक्रम नाशिकपर्यंत दिसतो. आता मालेगावच्या छोटू दादाचे खान्देशी व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिलेत, त्यांना कोणी शुद्ध बोल म्हणलं नाही. पण मास्तर गरीब माणूस, हो म्हणाले.

त्यांचा जोक असा. पुण्याहून नवीन गुरुजी खान्देशात आले, पहिला दिवस, हजेरी घ्यायची, विचारतात सगळे आले का? पोरं म्हणतात, "हो गुरुजी, सगळे आले." मास्तर थांबले. हॉल थांबला. मग त्यांच्या लक्षात आलं की जोकच निघून गेला, म्हणून ते समजावून सांगायला लागले की अहिराणीमध्ये 'सगळे' या शब्दाला असं असं म्हणतात आणि 'आले' याला... संपलं. कोणीतरी खुर्ची सरकवली तो आवाज सगळ्यात मोठा. अँकर म्हणे वा वा, टाळ्या.

तेवढ्यात कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. दहा मिनिटं ब्रेक, लोक चहाला उठले, मास्तर तिथेच माइक धरून उभे, घाम पुसत. मागून एक बाई ओरडली, "मास्तर, आपला बोलीमा सांगा ना!" त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कॅमेरावाला वायर गुंडाळत होता. मग म्हणाले, गुरुजीनी इचारं, पोरं एकदम वरडनात, "गुरुजी, बठ्ठा उनात!"

आणि गुरुजी गपचूप खुर्ची उचलून उन्हात जाऊन बसले.

चहा सांडला लोकांचा. खरंच, मामाच्या स्वेटरवर शेजारच्याचा कप. बठ्ठा म्हणजे सगळे, उनात म्हणजे आले, आणि पुण्याच्या कानाला ऐकू येतं बैठा उन्हात. मास्तरांनी खुर्ची उचलल्याची ॲक्टिंग केली, डोळ्यांवर हात धरला, घड्याळ पाहिलं, रुमाल डोक्यावर टाकला, एक शब्द न बोलता, आणि प्रत्येक वेळी हॉल नव्याने फुटत होता. मी पुण्याचा भाचा, मला अर्धा सेकंद उशिरा कळलं, ते मामाने बरोबर टिपलं, अजून ऐकवतो.

(बाहेरच्यांना इथे सगळीच बोली अहिराणी वाटते, बहिणाबाईंची पण. त्यांची लेवा गणबोली, वेगळी. हे चुकीचं बोललात तर जळगावात जेवण मिळेल पण ऐकून घेऊन.)

मी दोन दिवस जास्त राहिलो ते प्रोग्राम बघायलाच. रात्री ११, मामी पापडाचं पीठ झाकून येऊन बसली. मास्तर आले, "हो गुरुजी, सगळे आले," आणि त्याखाली खदाखदा हसण्याचा आवाज टाकलेला, कुठल्या तरी भलत्याच लोकांचा. मामी टीव्हीकडे बघत बसली. मग म्हणे, "यामा हासासारखं काय शे?"

मामाने रिमोट घेऊन आवाज बंद केला, उठला, खुर्ची उचलली आणि सांगायला सुरुवात केली. जाहिराती संपून पुढचा आयटम लागून गेला तरी मामी तोंडाला पदर लावून हसतच होती.